राज्य कुठले लिहायचे?

अमेरिकेतल्या बहुतेक एमडी कॉलेजांचा प्रवेश-अर्ज एकाच खिडकीतून जातो. तिचे नाव ॲम्कास. मेच्या सुरुवातीला खिडकी उघडते, महिनाअखेरीपासून अर्ज पाठवता येतो आणि प्रत्यक्ष कॉलेज सुरू होते ते पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये. अर्ज चांगला लांबलचक असतो. पदवीच्या चार वर्षांतला प्रत्येक विषय आणि त्याचे गुण, प्रयोगशाळेत किती तास काम केले, हॉस्पिटलात किती तास स्वयंसेवा केली, आईवडील काय करतात, सगळे विचारतात. मुले महिनोन्‌महिने निबंध घासूनपुसून लिहितात. त्याच अर्जात एक छोटा रकाना असतो : कायदेशीर रहिवासाचे राज्य. तिथे एकच नाव निवडता येते. बहुतेक मुले तो दोन सेकंदांत भरून पुढे जातात. अर्ज कुठे कुठे गांभीर्याने वाचला जाईल, हे मात्र बऱ्याच अंशी त्या दोन सेकंदांत ठरलेले असते.

दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुले अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना एमडीची जागा मिळते. जवळजवळ निम्मी मिळतात, मग काय वाईट, असे आपल्याला नीट परीक्षेच्या सवयीने वाटेल. पण ही निम्मी सगळीकडे सारखी वाटलेली नसतात. सरकारी कॉलेजे राज्यांची असतात आणि राज्ये आपल्या जागा आपल्या मुलांसाठी राखतात. शिवाय पैशाचा फरक आहेच. राज्यातल्या विद्यार्थ्याला सरकारी कॉलेजात वर्षाला सरासरी ४० हजार डॉलरच्या आसपास फी पडते, बाहेरच्याला ६५ हजारांच्या आसपास. चार वर्षांत हा फरक लाख डॉलरच्या घरात जातो, आणि ही रक्कम बहुतेकांची कर्जाची असते.

राज्ये असे का करतात, याचे उत्तर सरळ आहे. कॉलेज करदात्याच्या पैशावर चालते आणि करदात्याला त्या बदल्यात डॉक्टर हवा असतो. तोही बॉस्टनमध्ये नको, आपल्या तालुक्याच्या गावी हवा. ज्यांनी एमडी आणि त्यानंतरची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातले उमेदवारीचे प्रशिक्षण, दोन्ही एकाच राज्यात केले, त्यांतले साधारण दोन-तृतीयांश डॉक्टर त्याच राज्यात व्यवसाय करतात. त्यातून मूल तिथलेच असेल, आईवडील तिथेच असतील, तर ते टिकण्याची शक्यता आणखी वाढते. माझे मत असे, की त्या रकान्यात ‘तू कुठला’ हा प्रश्न वरवरचा आहे. खाली विचारलेले असते ते ‘तू पुढे कुठे राहशील’. हे एकदा लक्षात आले, की एरवी विचित्र वाटणारे बरेच नियम समजू लागतात.

काही कॉलेजे याबाबत आडपडदा ठेवत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात ग्रीनव्हिल नावाच्या गावी ब्रॉडी मेडिकल स्कूल आहे. त्या भागात डॉक्टर येईनात म्हणून राज्याने ते काढले आणि १९७७ साली पहिली तुकडी भरली. तिथे फक्त नॉर्थ कॅरोलायनाच्या रहिवाशांना प्रवेश. कुणा बाहेरच्याचे गुण कितीही असोत, त्याची अर्जाची फी वाया. सदर्न इलिनॉयचे मेडिकल स्कूलही तसेच. तिथे इलिनॉयचे असून भागत नाही, राज्याच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या मुलांकडे ओढा असतो. शिकागोच्या उपनगरातला मुलगा कागदोपत्री आतला, पण कॉलेजच्या लेखी अर्धा बाहेरचाच.

टेक्सासचे प्रकरण मात्र सविस्तर बघण्यासारखे आहे. या राज्याने ॲम्कासला बाजूला ठेवून स्वतःची वेगळी खिडकी चालवली आहे. सरकारी मेडिकल कॉलेजांत किमान ९० टक्के विद्यार्थी टेक्सासचे असले पाहिजेत, असा तिथे कायद्याचा दंडक. कॉलेजेही भरपूर : डॅलस, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, गॅल्व्हेस्टन, ऑस्टिन, लबक, एल पासो, रिओ ग्रांदे खोरे. फीची पद्धत तर आपल्याकडच्या सरकारी कॉलेजांची आठवण करून देणारी. कायद्यात रहिवासी विद्यार्थ्याची मूळ शिकवणी-फी वर्षाला ६,५५० डॉलर लिहून ठेवली आहे आणि बाहेरच्याची तिच्या तिप्पट. त्यावर कॉलेजे आपापली आणखी फी लावतात, तरी एकूण आकडा देशात स्वस्तांपैकीच राहतो. दुसऱ्या राज्यात याहून जास्त फी ‘आतल्यांना’ पडते. म्हणून प्लेनो-फ्रिस्कोकडच्या मराठी घरांतली मुले डॉक्टर व्हायचे म्हणतात तेव्हा त्यांच्या बाजूने एक गोष्ट आधीच पडलेली असते, आणि ती त्यांच्या आईवडिलांनी डॅलसमधली नोकरी घेतली तेव्हा पडलेली असते. मुलाच्या शहाणपणाचा त्यात भाग नसतो.

टेक्सासची अर्जखिडकी नुसते राज्य विचारून थांबत नाही. शाळा कुठे संपवली, त्याआधीचे ३६ महिने इथेच राहत होतात का, गेले १२ महिने कुठे होतात, आईवडिलांच्या कर-विवरणात तुमचे नाव अवलंबून म्हणून आहे का, कुणी घर घेतले आहे का, नोकरी कसली, लग्न टेक्सासच्या रहिवाशाशी झाले आहे का, अशी प्रश्नांची सरबत्ती असते. तलाठी बरा, असे वाटावे. मात्र टेक्सासमध्ये शाळा संपवलेल्या मुलाला, त्याने सलग तीन वर्षे तिथे काढलेली असतील तर, पालक नंतर राज्याबाहेर गेले तरी दार उघडे राहू शकते. हे अनेक घरांना माहीत नसते आणि बापाची बदली झाली की सगळे संपले असे ते समजतात.

याच्या उलट टोकाला कॅलिफोर्निया. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा मेडिकल स्कूल्स, त्यांतली दोन-तीन जगभर नावाजलेली. पण अर्ज करणारी मुलेही देशात सर्वांत जास्त तिथलीच. परिणाम असा, की डॉक्टरकीला प्रवेश मिळालेल्या कॅलिफोर्नियाच्या मुलांपैकी बहुतांश मुले राज्य सोडून शिकायला जातात. फ्रीमाँट-सॅन होजेकडच्या कुटुंबांना हे अनुभवाने ठाऊक असते. तरीसुद्धा दुसऱ्या राज्यातली मुले ‘कॅलिफोर्नियाचा रहिवास’ मिळवायच्या मागे लागतात, ते मला कधी पटलेले नाही. ३६६ दिवस राहा, राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवा, आपण आईवडिलांवर अवलंबून नाही हे सिद्ध करा, आणि एवढे करून सर्वांत लांब रांगेत शेवटी उभे राहा!

काही राज्यांकडे स्वतःचे सरकारी एमडी कॉलेजच नाही. तिथल्या मुलांचे हाल होत असतील असे वाटते, पण चित्र उलटे असू शकते. डेलावेअर हे चिमुकले राज्य. कॉलेज बांधण्याऐवजी १९६९ साली त्यांनी एक संस्था काढली आणि शेजारच्या फिलाडेल्फियातल्या जेफरसनच्या मेडिकल कॉलेजात दरवर्षी आपल्या मुलांसाठी २० जागा बांधून घेतल्या. त्या कॉलेजात देशभरातून हजारो अर्ज येतात. डेलावेअरच्या मूठभर अर्जदारांना त्यातल्या २० जागा म्हणजे मोठेच घबाड. वायव्येकडे वायोमिंग, अलास्का, माँटाना आणि आयडाहो यांनी सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनशी असाच घरोबा केला. पाचही राज्यांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘वामी’ म्हणतात. अभ्यासाचा सुरुवातीचा भाग आपल्या राज्यात, पुढचे प्रशिक्षण पाच राज्यांत विखुरलेल्या दवाखान्यांत. वायोमिंग तर विद्यार्थ्याकडून करार लिहून घेते : प्रशिक्षण संपल्यावर तीन वर्षे इथे काम करा, नाहीतर आम्ही भरलेले पैसे परत करा. बाँड म्हटले की आपल्याकडे नाके मुरडली जातात; वायोमिंगमध्ये माणसे कमी आणि अंतरे अफाट, तिथे त्याबद्दल फारशी कुरकुर ऐकू येत नाही.

आता खरी गोची. राज्य ‘निवडता’ येते का? ॲम्कासचा रकाना अर्जदाराच्या शब्दावर भरला जातो, पण निकाल प्रत्येक कॉलेज आपापल्या राज्याच्या नियमाने देते. एकाच मुलाला दोन राज्ये आपले म्हणू शकतात आणि एखाद्याला एकही म्हणत नाही. नियमांचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखा आहे. वर्षभर आधीपासून राहत असले पाहिजे. ते राहणे निव्वळ शिक्षणासाठी नसले पाहिजे. आणि मूल आईवडिलांवर अवलंबून असेल तर आईवडील जिथले तिथले ते मूल. ओहायोत चार वर्षे कॉलेज केले म्हणून न्यू जर्सीची मुलगी ओहायोची होत नाही. एडिसनला आईवडिलांचे घर आहे तोवर ती न्यू जर्सीची, मग तिने सुट्टीतसुद्धा घरचे तोंड पाहिलेले नसो.

पुरावे म्हणून मागतात त्या गोष्टी अगदी रोजच्या : वाहन परवाना, गाडीची नोंदणी, मतदार यादीतले नाव, घरभाड्याचा करार, राज्याच्या आयकराचे विवरण. यांतला शेवटचा कागद सर्वांत बोलका. समजा मुलगी पदवीनंतर दुसऱ्या राज्यात दोन वर्षे नोकरी करते आहे आणि तिथली रहिवासी म्हणून तिला अर्ज करायचा आहे. तिने परवाना बदलला, मतदान केले, भाडे स्वतः भरले. इकडे बाबांनी सवयीने आपल्या कर-विवरणात तिचे नाव अवलंबून म्हणून टाकले, कारण त्याचे ५०० डॉलर सुटतात. झाले. कॉलेजच्या कारकुनाने तो कागद मागितला की मुलीच्या दोन वर्षांच्या खटाटोपावर पाणी. पाचशे डॉलर वाचवून वर्षाचे पंचवीस हजार घालवायचे, असला हा व्यवहार. घरात हिशोब चोख ठेवणारे वडील असतील तर धोका जास्त.

अशा नियमांवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली एक निकाल दिला, तो या विषयात अजून उद्धृत होतो : व्लांडिस विरुद्ध क्लाइन. मार्गारेट क्लाइन ही कॅलिफोर्नियात कॉलेजात शिकणारी मुलगी. तिचे लग्न ठरले जन्मापासून कनेटिकटमध्ये राहिलेल्या तरुणाशी. मे १९७१ मध्ये तिने कनेटिकट विद्यापीठात बदलीसाठी अर्ज केला, जूनमध्ये लग्न करून ती स्टॉर्स गावी राहायला आली. परवाना तिथला, गाडीची नोंदणी तिथली, मतदार म्हणून नावही तिथे. पण राज्याने त्याच वर्षी नवा कायदा केला होता : विवाहित विद्यार्थ्याचा अर्ज करतेवेळी पत्ता बाहेरचा असेल, तर तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच समजावा. पहिल्या सत्रात रहिवासी मुलांना शिकवणी-फी नव्हती. तिला १५० डॉलर फी आणि वर बाहेरचेपणाचे २०० डॉलर भरावे लागले. नवरा इथला, घर इथले, मत इथले, आणि बायको मात्र शिक्षण संपेपर्यंत परकी! न्यायालयाने हा कायदा रद्द केला. बाहेरच्यांकडून जास्त फी घ्या, वर्षभर राहण्याची अटही घाला, पण खरोखर राहायला आलेल्या माणसाला ते सिद्ध करायची संधीच नाकारू नका, असा निकालाचा मथितार्थ. सासरी गेलेल्या मुलींच्या डोमिसाइलचा घोळ ज्यांनी आपल्या तहसील कार्यालयात निस्तरला आहे त्यांना मार्गारेटबाईंचे दुखणे लगेच कळेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच वाद त्याच्या अठरा वर्षे आधी आला होता, तोही इंदूरहून. तिथल्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरच्यांना वर्षाला १,३०० किंवा १,५०० रुपये. दिल्लीचे डी. पी. जोशी यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली बहुमताने निकाल लागला, की घटनेने जन्मस्थानावरून भेदभाव करायला बंदी केली आहे, रहिवासावरून नाही. आज महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यामागे जी विचारसरणी उभी आहे तिची मुळे अशा निकालांत सापडतात. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात मात्र रहिवासाचे आरक्षण घटनाबाह्य ठरवणारा निकाल जानेवारी २०२५ मध्ये आला आहे.

अमेरिकेत प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे मुले उशिरा आणि फिरून फिरून डॉक्टर होतात. एमडीला बसणाऱ्यांचे सरासरी वय २४ च्या आसपास असते आणि पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे नोकरी करणे आता अपवाद राहिलेला नाही. याच काळात राज्य बदलण्याची खरी संधी असते, आणि खरी चूक होण्याचीही. उदाहरण वॉशिंग्टन शहराचे. संशोधनाची उमेदवारी करायला शेकडो मुले एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत जातात. संस्था मेरीलँडच्या बेथेस्डात, पण तरुण पोरांना राहायचे असते वॉशिंग्टन शहरात, कारण गंमत तिकडे. मेट्रोची रेड लाइन दोन्हीकडून संस्थेच्या दारात आणून सोडते. भाडे थोडेफार इकडेतिकडे. पण राजधानीच्या जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेजच नाही. जॉर्जटाउन, जॉर्ज वॉशिंग्टन, हॉवर्ड, तिन्ही खासगी. उत्साहाच्या भरात तिथला परवाना काढून, तिथला कर भरून, तिथले मतदार होऊन बसलेल्या मुलाने आपले जुने राज्य सोडले आणि पदरात काही पडले नाही. तीच खोली बेथेस्डा किंवा सिल्व्हर स्प्रिंगमध्ये घेतली असती तर निदान बाल्टिमोरच्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडपुढे उभे राहायला काही आधार मिळाला असता. आणि जुने राज्य टेक्सास असेल तर कशालाच हात न लावणे उत्तम.

म्हणून मला विचाराल तर क्रम असा लावावा. आधी पाहावे, की सध्या कायद्याने आपण कुठले ठरतो. मग, त्या राज्यात कॉलेजे किती आणि अर्जदार किती. मग, दुसऱ्या राज्याचा दावा करण्याइतके आपले आयुष्य खरोखर तिकडे सरकले आहे का. तसे नसेल तर मूळचे राज्य सोडू नये. मुदतीची तारीख मात्र नीट वाचावी : कुठे अर्जाच्या दिवशीचा रहिवास बघतात, कुठे कॉलेज सुरू होण्याच्या दिवसापासून मागे वर्षभर मोजतात. या दोन तारखांमध्ये वर्षाहून मोठे अंतर असते आणि एखाद्याचे काम त्या अंतरातच होऊन जाते. ओहायोसारख्या राज्यात बाहेरचा म्हणून शिरलेला विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर रहिवासी ठरून फी कमी करून घेऊ शकतो. कित्येक राज्यांत तसे मुळीच चालत नाही. खोटा पत्ता देण्याच्या भानगडीत पडू नये हे सांगायला नको, पण सांगतो. मावशीचा पत्ता टाकून दिलेला अर्ज पकडला गेला, तर ते प्रकरण फीपुरते राहत नाही. अर्जात खोटे लिहिल्याचा शेरा बसतो आणि तो इतर कॉलेजांपर्यंत पोचतो.

रहिवास नसला तरी नाते असेल तर ते लिहावे, हेही बऱ्याचदा विसरतात. कॉलेजांच्या दुसऱ्या फेरीच्या निबंधांत ‘आमचेच राज्य का’ असे विचारलेले असते. बालपण तिथे गेले, आजीआजोबा तिथे आहेत, जोडीदाराची नोकरी तिथे आहे, हे सगळे तिथे मोजले जाते. खासगी कॉलेजांना बहुतेक वेळा राज्याशी कर्तव्य नसते, तिथे ही उठाठेव नको.

आतापर्यंतचे सगळे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या मुलांबद्दल झाले. मराठी घरांत आणखी एक वर्ग आहे : चौथ्या-पाचव्या वर्षी आईवडिलांबरोबर एच-४ व्हिसावर गेलेली मुले. वडिलांचे ग्रीन कार्ड भारतीयांच्या लांबच लांब रांगेत अडकलेले. अशा मुलाला टेक्सास किंवा कॅलिफोर्नियासारखे राज्य आपला रहिवासी मानू शकते, राज्यातली फी लावू शकते. जागतिक बँकेसारख्या संस्थांत काम करणाऱ्या व्हिसाधारकांच्या मुलांना मेरीलँडने ही सवलत नाकारली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली राज्याचा तो नियम हाणून पाडला होता. पण एच-४ ची मुदत २१ व्या वर्षी संपते. ग्रीन कार्ड आले नसेल तर मुलाला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्या व्हिसावर बहुतेक राज्ये रहिवासी मानत नाहीत, कारण कागदोपत्री तो फक्त शिकायला आलेला असतो. ज्या गावात बालवाडीपासून वाढला तिथेच तो परदेशी विद्यार्थी. मेडिकलचा अर्ज नेमका याच वयात करायचा असतो. सरकारी कॉलेजांतली बहुतेक त्याचा अर्जच घेत नाहीत, केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही, आणि परदेशी मुले घेणारी काही खासगी कॉलेजे एक ते चार वर्षांची फी आगाऊ बाजूला काढून दाखवा म्हणतात.

यांतली काही घरे मग पुण्याकडे किंवा नागपूरकडे बघू लागतात. मुलगा भारतीय नागरिक आहे, जन्म इथला आहे, आजोबांचे घर इथे आहे. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायला मात्र डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून केलेली असावी लागते, आणि त्याची दहावी-बारावी झालेली असते फ्रिस्कोत.